पन्नासाच्या खाली

वृषालीचा जबडा माझ्या हातून मोडला, तेव्हा माझ्या रक्तातली साखर एक्केचाळीस होती. हे मी म्हणत नाही, माझ्या पोटातलं बटण म्हणतं. आणि बटण खोटं बोलत नाही, हे कायद्यानंच मान्य केलेलं आहे.

सकाळचे साडेनऊ झाले होते. तालमीतून घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभा होतो. वृषाली, माझी बायको, विचारत होती की चहा टाकू की सरळ जेवायलाच वाढू. शब्द ऐकू येत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. मानेवरून घाम ओघळत होता. तिनं तिसऱ्यांदा विचारलं आणि मी हात फिरवला. पंजा नव्हे, मूठ. मी एकशे अठरा किलोचा गडी, तीस वर्षं मातीत घासलेला, आणि ती बावन्न किलोची. काटकी मोडावी तसा आवाज आला. ती ओट्याच्या कडेवर आपटून खाली कोसळली. तोंडातून रक्त आलं, त्यात दोन दात होते. मी थांबलो नाही. तिच्या कमरेत लाथ घातली. फ्रीजचं दार बिजागरीतून उपटलं, मांडणीवरची भांडी भिंतीवर भिरकावली, आणि मग माझेच पाय गेले.

डोळे उघडले तेव्हा ओवी माझ्या छातीवर गुडघा रोवून बसली होती. ओवी ही माझी मुलगी, वय एकोणीस, माझ्याच तालमीत तयार झालेली. माझ्या गालाच्या आतून ती बोटानं साखर चोळत होती आणि तोंडानं नुसतं "पप्पा, गिळा, गिळा" म्हणत होती. तिचा दुसरा हात आईच्या हातात होता.

मी उदयसिंह चौगुले. कोल्हापुरात पेठेतल्या एका तालमीचा वस्ताद. जवान होतो तेव्हा मैदानं मारली, नाव केलं. पुढं गुडघा गेला, कुस्ती सुटली, पण खुराक काही सुटला नाही. दोन लिटर दुधाची थंडाई, चाळीस बदाम, पाच केळी आणि वर पाव किलो खडीसाखर, हे सगळं रोज सकाळी साडेसातला, शिष्यांच्या समोर, एका दमात. वस्तादानं पोटाकडं बघून खाल्लं तर शिष्यांनी काय शिकायचं? व्हायचं तेच झालं. अडतिसाव्या वर्षी मधुमेह लागला. सहा वर्षं सुया टोचून घेतल्या आणि मग बटण आलं.

त्याचं खरं नाव जैवस्वादुपिंड. पाच रुपयांच्या नाण्याएवढी चकती, बेंबीच्या डाव्या बाजूला कातडीखाली बसवतात. आपल्याच कातडीतल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत त्यांना इन्सुलिन बनवायला शिकवलेलं असतं. भोवती इतकी बारीक जाळी असते की साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं, पण शरीराचे पहारेकरी त्या पेशींना परकं समजून मारायला आत शिरू शकत नाहीत. जाळीत एक चिप बसवलेली असते. ती दर मिनिटाला साखरेचा आकडा टिपून ठेवते. फोन पोटाला लावला की महिनाभराचा आलेख दिसतो. तो कुणाला पुसता येत नाही, बदलता येत नाही.

एकच खोट निघाली. त्या पेशी उतावळ्या होत्या. भाकरीची साखर हळूहळू रक्तात येते, तेवढी त्यांना झेपायची. पण गोड पेयानं साखर एकदम चढली की त्या आधी गांगरायच्या आणि मग गरजेच्या दुप्पट इन्सुलिन सोडायच्या. दीड-दोन तासांत साखर धाडकन खाली. मेंदूला साखरेशिवाय दुसरं इंधन चटकन चालत नाही. साखर साठाच्या खाली गेली की आधी विचार मंदावतो, मग ताबा सुटतो, मग शुद्ध जाते. मधल्या टप्प्यात माणूस चिडतो, बरळतो, कधी हातपाय झाडतो. लाखो लोकांच्या पोटात बटणं बसल्यावर अशा झटापटी कोर्टात येऊ लागल्या, आणि सरकारनं शर्करा तरतूद आणली. आकडा पन्नासाच्या खाली असताना केलेल्या कृत्याला शिक्षा नाही, सक्तीचा स्वकाळजी वर्ग.

माझा निकाल पंधरा मिनिटांत लागला. वृषालीचा जबडा तारांनी बांधलेला होता, बोलता येत नव्हतं. न्यायाधीश बाईंनी तिला विचारलं तेव्हा तिनं कागदावर लिहून दिलं, "यांचा दोष नाही. साखर उतरली होती." कागद वाचून दाखवला आणि मी भर कोर्टात ढसाढसा रडलो. नाटक नव्हतं ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यातल्या त्या जनावराला नाव दिलं होतं, आणि त्याच्यावर उपायही होता. तो खाऊन करायचा होता. आणखी काय पाहिजे?

वृषाली ओवीला घेऊन गडहिंग्लजला माहेरी गेली. सासऱ्यांनी एकच अट घातली. "वर्ग पुरा करा, सहा म्हैनं साखर उतरू देऊ नका, मग पोरगी आणून सोडतो." मी हो म्हणालो. त्या दिवसापासून माझं सगळं चित्त एकाच गोष्टीवर होतं, की वृषाली परत आली पाहिजे.

वर्ग घ्यायच्या रेहाना मुल्ला मॅडम. पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, आवाज मात्र हलगीसारखा. समोर आम्ही तेरा जण. कुणी शेजाऱ्याचं डोकं फोडलेलं, कुणी बापाला जिन्यावरून ढकललेलं, आणि एका बाईनं सासूच्या अंगावर उकळतं दूध ओतलेलं.

"साखर उतरली. पहिलं काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

"साखर खायची," सगळे ओरडले.

"किती?"

"मूठभर!"

"तीन चमचे! पाण्यात घालून. मग पंधरा मिनिटं गप बसायचं, मग परत आकडा बघायचा. सत्तरच्या खाली असला तर आणखी तीन चमचे. वर आला तर?"

"घरी जायचं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"वर आला तर भाकरी खायची, बाबांनो! साखर म्हणजे उसाचं पाचट. भडकन पेटतं आणि विझतं. भाकरी, शेंगदाणं, अंडं, उसळ हे लाकूड. पाचटावर लाकूड ठेवलं नाही तर चूल परत विझणार." मग त्यांनी बाही वर केली. हातावर दातांचे व्रण होते. "एका हेडमास्तरांनी चावलंय. देवमाणूस. साखर वर आल्यावर मलाच विचारत होते, हे कुणी केलं म्हणून."

माझी पाळी आली तेव्हा मी छाती पुढं काढून खुराक सांगितला. मॅडमनी सगळा लिहून घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"चौगुले, ह्याला खुराक म्हणत नाहीत. ह्याला आपल्या हातानं खड्डा खणणं म्हणतात. साडेसातला प्यायचं आणि साडेनऊला खड्ड्यात पडायचं."

तीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. कानशिलं तापली. पण मी गिळलं, कारण मला बायको परत पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी शिष्यांच्या देखत मी खडीसाखरेचा डबा तालमीच्या दारात बसणाऱ्या भिकाऱ्याला देऊन टाकला. थंडाई बिनसाखरेची केली आणि पेलाभरच ठेवली. सकाळी ज्वारीची भाकरी आणि दोन अंडी. दर तीन तासांनी मूठभर फुटाणे नाहीतर भिजवलेले शेंगदाणे. रिकाम्या पोटी जोर-बैठका बंद. कमरेला स्टीलचा डबा बांधून मी कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसायला लागलो. वस्ताद बालवाडीत गेले, असं एक पोरगं हसून म्हणालं. त्याच्या पाठीत काठी घातली, पण तो वेगळा विषय.

मॅडम म्हणायच्या की प्रत्येकाच्या शरीराची आपली खूण असते, ती ओळखायला शिका. माझी खूण मला तिसऱ्या आठवड्यात सापडली. ओठ बधिर होतात, मानेवर गार घाम येतो आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं हलायला लागतात. ती आली की तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं, मग भाकरी. दोनदा असं जमवलं आणि मग खूण यायचीच बंद झाली. आलेख कसा, निजलेल्या म्हशीच्या पाठीसारखा सरळ. मी तो फोनवर शिष्यांना दाखवत फिरायचो.

वर्गात सूरज भेंडे नावाचा एक सव्वीस वर्षांचा टोळीवाला होता. त्यानं एका भाजीच्या व्यापाऱ्याचे दोन्ही पाय लोखंडी पाइपनं मोडले होते. आकडा सत्तेचाळीस, म्हणून तो तुरुंगात न जाता आमच्या शेजारी बसून भाकरीचे फायदे ऐकत होता. एक दिवस वर्ग सुटल्यावर अंगणातल्या नळावर तो माझ्याजवळ आला.

"वस्ताद, तुमी कुठला रस पिता?"

"कसला रस?"

"आता जावा की! उसाचा! रसवंतीवर चार ग्लास हाणायचं, आलं-लिंबू न घालता. घड्याळ लावायचं. पावणेदोन तासांनी आकडा उतराय लागतोय. पन्नासाच्या खाली गेला की घुसायचं. काम झालं की खिशात चॉकलेट हायच." तो डोळा मारून हसला. "वैनींच्या येळंला तुमी थंडाई वापरली म्हणं. लई भारी!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आजारात केलेलं पाप, ज्याच्यापायी महिनोनमहिने मीठ-भाकरी मोजून खातोय, त्याचा हा धंदा करतोय! मी त्याची मनगटं धरली, पाठीवर घेतला आणि धोबीपछाड टाकला. खाली माती नव्हती, फरशी होती. त्याचा खांदा निखळल्याचं मला माझ्या हातात जाणवलं. तो ओरडायला लागला तसा मी त्याच्या छातीवर बसलो आणि तोंडावर बुक्क्या घातल्या. नाक चेपलं. ओठ फाटला. तो "चुकलो वस्ताद" म्हणत होता, तरी मी त्याचं डोकं धरून नळाखालच्या दगडावर दोनदा आपटलं. बाकीचे भिंतीला चिकटून बघत होते.

मुल्ला मॅडम धावत बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. दोघांना सांगून त्यांनी सूरजला आत नेलं, मग त्यांनी माझा सदरा वर केला आणि फोन पोटाला लावला.

"किती?" मी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

"बघा!" मी म्हणालो. मला खरंच अभिमान वाटला. "एवढी अंगमेहनत करून अठ्ठ्याण्णव. एकदम झकास."

"आणि हे जे आत्ता केलं, ते मी काय म्हणून लिहू?"

"लिहा, एका नालायकाला वळण लावलं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. सूरजनं तक्रार केली नाही, कारण केली असती तर त्याचा रस बाहेर आला असता. सहा महिन्यांनी मॅडमनी मला दाखला दिला. शर्करा नियंत्रण, उत्तम. देताना म्हणाल्या, "माझ्या हातात फक्त साखरेचा दाखला आहे, चौगुले. वृषालीताईंना एकदा माझ्याकडं पाठवा. एकट्यांना." हा निरोप मी घरी दिलाच नाही. विसरलो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

सासऱ्यांनी शब्द पाळला. वृषाली ओवीला घेऊन परत आली त्या दिवशी तिला ओवाळायला मी शेजारणीला बोलावलं होतं आणि स्वतः दारात उभा होतो. तिचा चेहरा डावीकडं जरा वाकडा झाला होता. मी म्हणालो, "आता घाबरायचं न्हाई. आता मी बरा झालोय." तिनं मान हलवली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन फुटाण्याचा डबा कुठं आहे ते बघितलं.

त्यानंतर आमचं घर माझ्या पोटावर चालायला लागलं. वृषालीच्या फोनवर सहा गजर लावलेले. गजर वाजला की ती हातातलं काम टाकून यायची. "अहो, खाल्लंसा काय? किती आला आकडा?" तिच्या पर्समध्ये फुटाणे, पदराच्या गाठीला साखरेची पुडी. लग्नाला गेलो तर तिचं लक्ष नवरा-नवरीकडं नसायचं, माझ्या मानेवर घाम येतोय का इकडं असायचं. माझा आवाज जरा चढला की ती आधी साखरेचं पाणी कालवायची. लोक म्हणायचे, वृषालीवैनी नवऱ्याला फुलासारखं जपतात. मला हे सगळं फार आवडायचं. एकदा तिला यायला वीस मिनिटं उशीर झाला, तेव्हा मी तिला शांतपणे म्हणालो, "आज काय झालं असतं तर जबाबदार कोण?" ती म्हणाली, "मी."

तिला स्वतःला भाकरी चावता यायची नाही. ती आमटीत भिजवून, बोटानं कुस्करून खायची, उभ्यानं, गजरांच्या मधल्या वेळात. मी हे रोज बघत होतो आणि मला काहीच दिसत नव्हतं. आज लिहिताना लाज वाटते.

मग मुरगूडचं कुस्त्यांचं मैदान आलं. ओवीची कुस्ती सांगलीकडच्या एका पोरीबरोबर होती. भर दुपारी बाराला हाताला हात भिडून खडाखडी झाली. माझ्या पोरीनं चौथ्या मिनिटाला एकेरी पट काढला, मागं गेली, हात पिळून पाठीवर घेतला. आता फक्त दाबायचं होतं. दहा हजार माणूस उभं राहिलं. तेवढ्यात त्या पोरीचा खांदा वाजला आणि ती "आई गं" म्हणून किंचाळली. ओवीनं हात सोडला. सोडून पंचाकडं बघून ओरडली, "डॉक्टरांना बोलवा!" त्या सटवीनं तेवढ्यात चांगल्या हातानं ओवीच्या पायाला वेढा घातला आणि तिला चित केलं. ओवी आसमान बघत पडली. मैदान हसलं. कुणीतरी ओरडलं, "चौगुल्याची पोर हाय, का नर्स हाय?"

मी ओवीला घेऊन मैदानाबाहेर पडलो. मुद्दाम सांगतो, गाडीत बसायच्या आधी एक वाजता मी जेवलो. एक भाकरी, दोन अंडी, मुगाची उसळ, ताक. सगळं मॅडमनी शिकवलं तसं. तीन वाजता घरी पोचलो.

"हात का सोडलास?" मी दार लावून विचारलं.

"तिचा खांदा निखळत होता, पप्पा."

"निखळू दे की! कुस्ती हाय ती!"

"मला न्हाई जमत," ओवी म्हणाली. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "हाड मोडल्याचा आवाज मी घरात ऐकलाय. परत ऐकायचा न्हाई मला."

मी तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला भिंतीवर आपटलं. ती पैलवान होती, तिला सुटता आलं असतं. तिनं हात उचलला नाही. बापावर कसा उचलणार? मी तिला दुसऱ्यांदा आपटलं. भिंतीवर तिच्या कपाळाचं रक्त उमटलं. तेवढ्यात वृषाली पेला घेऊन मधे आली.

"अहो, आधी हे घ्या. साखर उतरलीय तुमची. घ्या आधी!"

मी पेला उडवला आणि तिच्या कानाखाली मारली. ती टीपॉयवर पडली, काच फुटली, एक तुकडा तिच्या दंडात घुसला. मी तिला केसांनी उठवलं आणि परत मारलं. "तूच बिघडवलंस हिला, तूच!" असं काहीतरी मी बोलत होतो. ती एकच वाक्य म्हणत होती, "खावा आधी, काहीतरी खावा." तिची मान धरलेली असताना तिच्या तोंडातून हेच येत होतं. मग ओवीनं मागून माझ्या गुडघ्यावर, त्या जुन्या दुखऱ्या गुडघ्यावर, लाथ मारली आणि मी खाली बसलो.

ओवी फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि मिनिटभरात परत आली. मग मी म्हणालो, "साखर. माझी साखर उतरलीय. दे."

वृषाली गुडघ्यांवर रांगत स्वयंपाकघरात गेली. दंडातून रक्त गळत होतं. तिनं घाबरून पेल्यात सात-आठ चमचे साखर ओतली आणि मला आणून दिली. मी घटाघटा प्यायलो. मला हायसं वाटलं. पुन्हा तेच झालं होतं, मी नव्हतो तो.

"पप्पा, सदरा वर करा," ओवी म्हणाली.

तिनं फोन माझ्या पोटाला लावला आणि आलेख मागं सरकवला. आम्ही तिघं त्या छोट्या पडद्यावर वाकलो. तीन वाजून दहा मिनिटं, एकशे पाच. तीन अकरा, एकशे सात. तीन बारा, एकशे सात. सरळ रेघ. तिच्यात कुठंही खड्डा नव्हता.

ओवी माझ्याकडं बघत राहिली. पण वृषालीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं फोन हातात घेतला, पदरानं पडदा पुसला, पुन्हा बघितला, आणि हळूच म्हणाली, "बटण बिघडलं असंल."

"व्हय," मी म्हणालो. देवाशपथ सांगतो, मी व्हय म्हणालो. "बिघडलंच असणार."

"मी पोलिसांना फोन केलाय," ओवी म्हणाली.

"नको गं," वृषाली म्हणाली, "डॉक्टरकडं नेऊ त्यांना."

चार वाजता मला पोलीस ठाण्यात नेऊन बाकड्यावर बसवलं. मी फौजदार साहेबांना सांगितलं की माझं बटण तपासा, ते नादुरुस्त आहे, बायकोलाही विचारा. ते म्हणाले, तपासू. समोर एक हवालदार उभा होता. माझ्यापेक्षा हातभर उंच, खांदे दाराएवढे. तो माझ्याभोवती फेऱ्या मारत होता.

पाचला माझे ओठ बधिर झाले. मानेवर गार घाम आला. भिंतीवरच्या पाटीची अक्षरं हलायला लागली. मला कळलं. सात-आठ चमचे साखर, वर भाकरी नाही. पेशी उधळल्या होत्या. ही खरी खूण होती, माझी, ओळखीची, कित्येक महिन्यांत न आलेली.

तेवढ्यात हवालदार माझ्यासमोर थांबला. "लई मोठा वस्ताद व्हय रं तू? बायकापोरीवर हात टाकतोस?" त्यानं माझ्या कानफटात मारली. टोपी उडून पडली. "उठ की. दाव तुझा धोबीपछाड." दुसरी मारली. माझे हात थरथरत होते, डोळ्यांपुढं अंधारी येत होती, शब्द जुळत नव्हते. मी दोन्ही हात जोडले.

"साहेब," मी म्हणालो, "माझी साखर उतरायलीय. तीन चमचे साखर मिळंल काय, पाण्यातनं? आणि मग थोडी भाकरी."

फौजदारांनी फोन आणून माझ्या पोटाला लावला. मग त्यांनी पडदा हवालदाराकडं फिरवला. चव्वेचाळीस.

म्हणजे बटण चालू होतं.

हवालदार आकड्याकडं बघत राहिला. मग त्यानं माझ्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. त्याला राग नव्हता आता, नुसता प्रश्न पडला होता.

"चव्वेचाळीस हाय," तो म्हणाला. "मग मला का न्हाई हाणलंस?"

एका शिपायानं साखरेचं पाणी आणलं. मी ते सावकाश प्यायलो आणि पंधरा मिनिटं भिंतीला टेकून बसलो. कुणीतरी आपल्या डब्यातली चतकोर भाकरी आणि झुणका दिला, तो चावून चावून खाल्ला. आकडा एकोणनव्वद झाला, अक्षरं जागेवर आली. मनात म्हटलं, आता जे बोलशील ते पूर्ण शुद्धीत बोलशील, उदयसिंह. मग मी फौजदारांना म्हणालो, "बटण तपासायची गरज न्हाई. माझा जबाब लिवून घ्या."

त्यांनी कागद ओढला. "कधीपासून सांगतोस? आज दुपारपासून?"

"न्हाई," मी म्हणालो. "लग्नाच्या चौथ्या दिवसापासून. तिच्या हातनं आमटी खारट झाली होती. तेव्हा मला मधुमेह नव्हता."